पर्वती ते वेताळ : पायी एक रविवार

पर्वतीच्या पायथ्याशी, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर एक बाई शाल गुंडाळून बसली होती. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, सकाळचे पावणेसहा. दिव्याच्या उजेडात तिच्या उजव्या हाताला बारा खडे ओळीनं मांडलेले दिसत होते. मला वाटलं, कसला तरी नवस असेल. तेवढ्यात वरून एक मुलगी धावत खाली आली, अगदी खालच्या पायरीला हात लावला, वळली आणि पुन्हा वर सुटली. बाईनं एक खडा उचलून डाव्या बाजूला ठेवला.

"पोलीस भरती," ती म्हणाली. "बारा वेळा चढायचं, बारा वेळा उतरायचं. ती म्हणते मोबाईलवर मोजता येतं. पण माझा खड्यांवर भरवसा."

ती मागच्याच जनता वसाहतीत राहते. पहाटे पाचला मुलीला घेऊन येते, सातला कामावर जाते. मी कुठवर निघाले आहे, ते तिनं विचारलं. वेताळ टेकडीपर्यंत, चालत, असं सांगितल्यावर तिनं माझ्या बुटांकडे एक नजर टाकली. "पाणी घेतलंय ना ताई?" एवढंच म्हणाली.

पाणी घेतलं होतं. शिवाय खिशात कॅलेंडरच्या पानामागे काढलेला नकाशा होता. पन्नाशी गाठली, सगळा जन्म पुण्यात गेला, पर्वती, हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी तिन्हींवर शेकडो वेळा जाऊन आले. पण प्रत्येक वेळी एकच टेकडी चढायची आणि घरी यायचं. एकीवरून दुसरी बघायची आणि मग तिच्याकडे चालत जायचं, हे कधी केलं नव्हतं. सोबत कुणी माहिती सांगणारं नको होतं. वाट माझी, थांबणं माझं, जिथं पाय अडतील तिथं बसायचं, असं ठरवून निघाले होते.

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद आणि ठेंगण्या. हत्ती चढावेत म्हणून अशा बांधल्या, असं सांगतात. चढताना लक्षात येतं की या पायऱ्यांवर नेहमीची चाल चालत नाही. एका पायरीवर दीड पाऊल पडतं, त्यामुळे कधी उजवा पाय पुढे येतो, कधी डावा. लहानपणी मला याचा राग यायचा. आता गुडघे म्हणतात, बांधणाऱ्याचं भलं होवो. पायरीचा काळा दगड मधोमध घासून गुळगुळीत झालाय, कडेला मात्र अजून खरखरीत आहे. मधला दगड किती तळव्यांनी घासला असेल, हा विचार दर खेपेला मनात येतो.

हा दगडही मुळात पायऱ्यांचाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, पुन्हा थिजला. असे थरावर थर साचून सगळा दख्खनचा प्रदेश बनला. पुढे पाण्यानं थर कमी-जास्त झिजवले आणि डोंगरांचे उतार जिन्यासारखे दिसू लागले. म्हणून भूगर्भशास्त्रात या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. हे कळल्यापासून मला सह्याद्री बघताना तो कुणीतरी चढण्यासाठी घडवल्यासारखा वाटतो.

वर पोचले तेव्हा पूर्वेला तांबडं फुटत होतं. देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. शेजारी कार्तिकेय, विष्णू, विठ्ठल-रखुमाई. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी २३ जून १७६१ ला याच टेकडीवर प्राण सोडला. दुसरा बाजीराव १८१७ च्या नोव्हेंबरात इथूनच खडकीची लढाई बघत होता, असं सांगतात. एका टेकडीवर मराठी राज्याची दोन दुःखं. शाळेत आम्हाला हे सगळं शिकवलं होतं. सहलीलाही इथंच आणलं होतं, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी होती, तेही आठवतंय.

जे शिकवलं नाही ते मला चाळिशी आल्यावर कळलं. १३ ऑक्टोबर १९२९ ला याच पायऱ्यांवर सत्याग्रह झाला. देवदर्शनाचा हक्क मागायला अस्पृश्य मानलेली माणसं पर्वती चढून आली. पुढे शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज होते. सोबत काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण घरांतले तरुणही होते. देवळाचे दरवाजे लावून घेतले गेले. सत्याग्रहींवर दगड आले. राजभोज जखमी झाले. बाबासाहेबांनी या लढ्याला पाठिंबा दिला. देऊळ काही उघडलं नाही. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा यायला १९४७ साल उजाडावं लागलं.

हे वाचल्यापासून मला पर्वती पूर्वीसारखी चढता येत नाही. आपल्या भाषेत 'पायरी' हा शब्द किती बोचरा आहे! 'पायरी ओळखून राहा.' 'आपली पायरी सोडू नकोस.' 'देवळाची पायरी चढू दिली नाही.' पंढरपूरला महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर, दाराबाहेर, चोखोबांची समाधी. लहानपणी दोन्हींवर डोकं टेकवून मी आत गेले होते. तेव्हा एवढंच वाटलं होतं की दोघं संत, दोघं दारात. एक पायरी मागून घेतलेली आणि दुसऱ्याला पायरीच्या आत येऊच न दिलेलं, हा फरक माझ्या डोळ्यांना दिसला नव्हता. न दिसण्याची सोय मला जन्मतः मिळाली होती, हे आज मी स्वच्छ म्हणू शकते.

पूर्वी मी पायऱ्या चढताना त्या मोजायचे. आता एकोणतीस साली सत्याग्रही कितव्या पायरीपर्यंत आले असतील, हे मनात येतं.

उतरताना ती मुलगी भेटली, वर चढत होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले. "कितवी?" मी विचारलं. तिनं बोलायला श्वास खर्च केला नाही, फक्त हाताची पाच बोटं आणि दुसऱ्या हाताची तीन दाखवली.

पायथ्याशी सारसबाग. तिथला तळ्यातला गणपती खरोखरच तळ्यातला होता. नानासाहेबांच्या काळात खोदलेल्या तळ्याच्या मधोमध हे बेट होतं. तळं गेलं, बाग आली, नाव राहिलं. पुढचा गावातला रस्ता मी भराभर संपवला : टिळक रस्ता, अलका चौक, लकडी पूल. वाटेत एका अमृततुल्यमध्ये चहा आणि क्रीम रोल.

लकडी पुलावर मात्र नेहमीसारखी थांबले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा हा पूल पाण्याखाली गेला होता. आमचं घर नारायण पेठेत नदीच्या अंगाला होतं. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. आजीनं त्यांचा हात धरला, धाकट्या आत्याला कडेवर घेतलं आणि लोक पळत होते त्या दिशेला पळाली. लोक पर्वतीकडे पळत होते. बाबा सांगतात, संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर बसायला जागा नव्हती. कुणाकडे पितळेचा डबा, कुणाकडे पोपटाचा पिंजरा, कुणी नुसतंच अंगावरच्या ओल्या धोतरात. आजी सोवळ्याची फार कडक होती. त्या दिवशी शेजारी बसलेल्या बाईनं आपल्या फडक्यातली भाकरी मोडून बाबांना दिली आणि आजीनं ती बाई कोण, कुठली, काही विचारलं नाही. "खा," एवढंच म्हणाली. हे बाबा दर बारा जुलैला सांगतात आणि दर वेळी "खा" म्हणताना त्यांचा आवाज बदलतो.

घर गेलं. पूरग्रस्तांच्या वसाहतीत, गोखलेनगरला जागा मिळाली. म्हणून हनुमान टेकडी माझी. माझं बालपण तिच्या अंगावर गेलं. परीक्षेचा अभ्यास तिथं, मैत्रिणींशी भांडण तिथं, आई गेल्यावरचं रडणंही तिथंच.

फर्ग्युसनच्या अंगानं ही टेकडी चढायला वीस मिनिटं पुरतात. रविवारी साडेनवाला वर अजून गर्दी होती. मारुतीपाशी आजोबांचे कट्टे जमलेले, खाली बीएमसीसी कॉलेजच्या बाजूनं मुलं पळत येत होती. पण मी सरळ गेले ती स्तंभाकडे. लहानपणी आम्ही या स्तंभाला हात लावून पकडापकडीत 'टाइमप्लीज' घ्यायचो. तो कशाचा आहे, हे कुणाला ठाऊक होतं?

१२ जून १९०५ ला सकाळी इथं चार माणसं उभी होती. गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे तीन सहकारी : द्रविड, देवधर आणि पटवर्धन. गोखल्यांनी आधी स्वतः शपथ घेतली, मग तिघांना दिली. भारत सेवक समाज जन्मला तो असा, उघड्या टेकडीवर. सात कलमांची शपथ होती. देश मनात पहिल्या जागी राहील. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही. व्यक्तिगत भांडणं करणार नाही. आणि एक कलम असं, की जात किंवा पंथ न पाहता सर्व भारतीयांना भाऊ मानीन.

स्तंभाशी उभं राहून आग्नेयेकडे पाहिलं की पर्वती दिसते. मधे सगळं शहर पसरलेलं, गच्च्या, पाण्याच्या टाक्या, आणि पलीकडे तो काळसर उंचवटा, त्यावर देवळाचा कळस. मी गोखलेनगरची, हे दृश्य हजारदा पाहिलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा दोन तारखा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या : इथं १९०५, तिथं १९२९. मधे चोवीस वर्षं आणि तासा-सव्वा तासाची चाल. या टेकडीवर 'सर्व भारतीय भाऊ' असा शब्द दिला गेला, आणि तो त्या टेकडीच्या पायऱ्यांपर्यंत चोवीस वर्षांत पोचला नाही. शपथ घेणाऱ्यांचा प्रामाणिकपणा मला खरा वाटतो. त्या माणसांनी आयुष्यं वाहिली. पण एकाच शहरात, एकमेकींना दिसणाऱ्या दोन टेकड्यांवर, एकाच काळात इतकी वेगवेगळी हवा वाहत होती. पुस्तकात हे दोन धडे वेगळे असतात, म्हणून तिथं ते कळत नाही. सकाळी तिथल्या पायऱ्या पायांनी चढले होते, म्हणून ते अंतर त्या दिवशी पायांना कळलं.

बराच वेळ बसले. एक घार अगदी डोळ्यांच्या पातळीवर तरंगत होती. तिची शेपटी सुकाणूसारखी डावी-उजवी वळत होती.

दुपारी घरी बाबांकडे जेवले. पिठलं-भाकरी, खर्डा. बाबांनी कॅलेंडरचं पान उलटसुलट करून पाहिलं आणि मी काढलेल्या वेताळ टेकडीच्या वाटेवर पेन्सिलीनं एक फाटा काढून दिला. "इकडून जा. खाणीकडून. ऊन पाठीवर येईल." आता त्यांना चढवत नाही. पण सगळ्या वाटा अजून त्यांच्या डोक्यात आहेत.

साडेतीनला सेनापती बापट रस्ता ओलांडला. हा रस्ता दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीतून जातो. तो ओलांडायला मला जितका वेळ लागला तितक्यात मी अर्धी टेकडी चढले असते.

वेताळ टेकडी शहरातली सगळ्यात उंच. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे खालच्या पेठांपेक्षा साधारण सव्वादोनशे-अडीचशे मीटर वर. इथं पेशवे नाहीत, पायऱ्या नाहीत, शिलालेख नाहीत. माथ्यावर वेतोबाचं ठाणं, शेंदूर फासलेला देव. गावाच्या वेशीवर रात्री गस्त घालणारा, भुताखेतांचा राजा. गावोगावी वेताळाचं ठाणं असंच वेशीबाहेर असतं. आता शहर चारी बाजूंनी वर सरकत आलंय आणि वेशीवरचा देव मधोमध सापडलाय.

चढावर गवत सोन्यासारखं झालं होतं. कुसळी गवत. पाच मिनिटांत माझे मोजे कुसळांनी भरले. एका दगडावर बसून मी ती काढत होते. बाबांनी लहानपणी शिकवलेला खेळ आठवला. एक कुसळ तळहातावर घेतलं आणि बाटलीतलं थेंबभर पाणी त्यावर टाकलं. क्षणभर काही नाही. मग ते हललं. पीळ सुटू लागला, लांब शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरू लागली आणि दुसऱ्या टोकाचं अणकुचीदार बी तळहाताला टोचू लागलं. पाऊस पडला की ओल्यानं पीळ सुटतो, उन्हानं पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं. गवताच्या या एका काडीत केवढी अक्कल आहे! पन्नासाव्या वर्षीही माझ्या अंगावर काटा आला. लोक या उताराला 'ओसाड' म्हणतात, 'काही नाही तिथं' म्हणतात, तेव्हा मला त्यांच्या तळहातावर एक कुसळ ठेवावंसं वाटतं.

झाडं लावायची म्हणून इथं उतारांवर ग्लिरिसिडिया भरमसाठ लावली गेली. मुळात मध्य अमेरिकेतलं झाड. झटपट वाढतं, हिरवं दिसतं, पण त्याखाली आपलं फारसं काही रुजत नाही. मूळचं रान बघायचं तर सालई बघावी. पिवळसर सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले असतात, डिंकाला धुपाचा वास. मोई तेव्हा पानं झाडून उभी होती. कुठूनतरी तित्तर ओरडत होता, आणि खाणीच्या अंगाला मोर.

खाण म्हणजे टेकडीची जुनी जखम. इथला दगड फोडून शहर बांधायला नेला. खड्डा राहिला, त्यात पाणी साचलं, आता पक्षी येतात. खाणीच्या भिंतीशी उभं राहिलं की टेकडीचं पोट दिसतं. खडकाचे थर, कुठे घट्ट काळा, कुठे पोळ्यासारखा सच्छिद्र, उभ्या-आडव्या भेगा. पावसाचं पाणी या भेगांतून, छिद्रांतून हळूहळू खाली झिरपतं आणि खालच्या वस्त्यांच्या विहिरी-बोअरना मिळतं. टेकडी कोरडी दिसते, पण ती पाण्याचा साठा आहे. बालभारती ते पौड फाटा असा रस्ता या टेकडीच्या अंगावरून काढायचं म्हणतात, बोगद्यांचेही प्रस्ताव आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. मी होते. बाबा व्हीलचेअरवर होते. वाहतुकीचा त्रास मलाही आहे, रोज दीड तास बसमध्ये जातो माझा. पण टेकडी एकदा कापली की ती परत शिवता येत नाही. तळं बुजवलं तेव्हा निदान नाव तरी राहिलं. टेकडी गेली तर आपण वेताळ कशाला म्हणणार?

माथ्याच्या अलीकडे सत्तरीचे एक गृहस्थ भेटले. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन. खालून वाहून आणलेले. वाटेकडेला वडाचं गुडघाभर रोप, त्याच्या मुळाशी एक प्लास्टिकची बाटली उलटी रोवलेली, बुडाला कापलेली, झाकणाला बारीक भोक. त्यांनी कॅन तिरका करून बाटलीत पाणी ओतलं, मग खाली वाकून भोकातून थेंब पडतोय ना, ते पाहिलं. "थेंब-थेंब पडला पाहिजे," म्हणाले. "एकदम ओतलं तर वाहून जातं." अशी किती रोपं आहेत, विचारलं. "माझी अकरा. बाकीच्यांची वेगळी." मी माझ्या बाटलीतलं उरलेलं पाणी पुढे केलं. त्यांनी ते नाकारलं. "तुम्हाला उतरायचंय अजून. प्या ते."

वेतोबापाशी पोचले तेव्हा सूर्य पाषाणच्या बाजूला टेकला होता. खाली दिवे लागायला लागले. मी पूर्वेकडे तोंड करून पर्वती शोधली. आधी सापडेना. मग हनुमान टेकडीचा काळा आकार सापडला, त्याच्या उजवीकडे, लांब, दिव्यांची एक तिरकी रेघ. पायऱ्यांवरचे दिवे असावेत. सकाळी तिथं होते, आता इथं. दिवसभर चाललेली सगळी वाट एका नजरेत मावत होती, आणि तिच्या कडेनं मला भेटलेली माणसंही.

केळेवाडीच्या बाजूनं उतरले, पौड रस्त्याला लागले आणि मेट्रोनं घरी आले. दोन दिवस पोटऱ्या बोलत होत्या.

पुढच्या रविवारी पहाटे पर्वतीला गेले. तीच पायरी, तीच शाल. तिनं मला ओळखलं, सरकून जागा केली. मी शेजारी बसले. वरून पावलांचा आवाज येत होता.

"कितवी?" मी विचारलं.

"चौदावी. आता सोळा करते म्हणतीये," ती म्हणाली आणि खडा उचलून डावीकडे ठेवला.